डॉक्टरांची अर्धवट खोललेली मर्सिडीज

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ५२. मिरजेच्या एका डॉक्टरांकडे १९७२ सालची मर्सिडीज २२० डी होती. लहानपणी वडिलांबरोबर दवाखान्यात गेलो की मी बाहेर ती गाडी बघत उभा राहायचो. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी ती नव्यासारखी करायला घेतली, सगळी खोलली आणि मग ते आजारी पडले. गेल्या वर्षी वारले. मुलगा पुण्यात असतो, त्यानं भंगारापेक्षा थोडे जास्त पैसे घेऊन ती मला दिली. गाडी म्हणजे प्रायमर मारलेली बॉडी, दारं वेगळी, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर आणि बाकी सगळं पोत्यांत नि डब्यांत. सध्या आमच्या बेदाणा शेडमध्ये आहे. आरसी डॉक्टरांच्याच नावावर. ज्यांनी गाडी खोलली ते मिस्त्री मिरजेतच असतात, आता काम करत नाहीत. पेंटर म्हणतो, आधी रंग मारून घ्या म्हणजे हुरूप येईल. गॅरेजवाला म्हणतो, जुन्या इंजिनच्या नादी लागू नका, टेम्पो ट्रॅव्हलरचं इंजिन टाकू, एसी आणि पॉवर स्टिअरिंग करू. सौ. म्हणते, आधी शेड रिकामी करा. माझ्या मनात आहे की वैशाखात मुलीची पाठवणी याच गाडीतून करावी. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ता. तासगाव

नमस्कार,

पाठवणीचं आधी बोलतो, कारण त्या एका तारखेपायी तुमचे बाकीचे सगळे निर्णय बिघडतील. या वैशाखात ही गाडी तयार होणार नाही. कुणी होईल म्हणत असेल तर तो तुम्हाला वरून रंगवलेलं खोकं देईल आणि त्याचे ब्रेक लागतात की नाही ते पाठवणीच्या रस्त्यावर कळेल. लेक-जावयाला अशा गाडीत बसवायचं नाही. त्या दिवसासाठी भाड्याची चांगली गाडी सांगून टाका. घाई गेली की पेंटरचा आणि गॅरेजवाल्याचा सल्लाही तुम्ही शांतपणे तोलू शकाल.

गाडी मात्र तुम्ही चांगली घेतली आहे. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू ११५. ही मालिका जानेवारी १९६८ मध्ये आली आणि १९७६ पर्यंत निघत राहिली. पॉल ब्राक या फ्रेंच डिझायनरनं तिचा आकार काढला. सहा सिलिंडरच्या डब्ल्यू ११४ या भावंडासकट जवळजवळ १९ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे ती साहेबाची, डॉक्टरांची, कारखानदाराची गाडी. जर्मनीत मात्र हीच डिझेल मर्सिडीज टॅक्सी म्हणून राबली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची याच मालिकेतली २४० डी, इंजिनं बदलत बदलत का होईना, ४६ लाख किलोमीटर चालून मर्सिडीजच्या संग्रहालयात जाऊन बसली आहे. एवढ्या संख्येनं बनलेल्या गाडीचे भाग आजही मिळतात, आणि तुमच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. शंभर-दोनशेच बनलेली एखादी गाडी याच अवस्थेत घेतली असतीत तर मी तुम्हाला ती विकायला सांगितली असती.

त्या काळी परदेशी गाडी आणण्यावर कडक बंधनं होती. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. डॉक्टरांची गाडी त्या वाटेनं आली असेल तर जुन्या कागदांत तसा उल्लेख सापडेल. असा एकही कपटा टाकून देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. चालती जुनी गाडी आपण स्वतः खोलतो तेव्हा कुठला बोल्ट कुठून निघाला ते आपल्या हाताला माहीत असतं. इथे खोलणारा एक आणि जोडणारा दुसरा. मधली सगळी माहिती डॉक्टरांच्या आणि त्या मिस्त्रींच्या डोक्यात होती. निम्मी डॉक्टरांबरोबर गेली. उरलेली निम्मी मिरजेत आहे आणि मिस्त्रींचं वय झालं आहे. पत्रा, इंजिन, रंग या सगळ्याच्या आधी ती माहिती वाचवा. सुरुवात तिथून. पहिला महिना पान्याला हात लावायचा नाही.

पुण्याला मुलाला फोन करा आणि डॉक्टरांची फाइल मागा. निवृत्तीनंतर हौसेनं गाडी खोलणारा माणूस पावत्या ठेवतोच. त्यात काय विकत घेतलं ते तर कळेलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बाहेर दिलं होतं ते कळेल. अर्धवट राहिलेल्या गाड्यांत हे हमखास घडतं: बंपर क्रोमला दिलेले, सीट कुशनवाल्याकडे, डिझेल पंप कॅलिब्रेशनला, रेडिएटर टाकाकामाला. मालक आजारी पडतो, कुणी न्यायला येत नाही, आणि माल दुकानाच्या माळ्यावर पडून राहतो. एखादी पावती सापडली तर दुसऱ्याच दिवशी तिथे जा. नंतर कुठे शोधूनही मिळणार नाही असा भाग तिथे धूळ खात पडलेला असू शकतो.

मग मिस्त्रींना आणा. तुमच्या गाडीतून आणा, शेडमध्ये खुर्ची टाका, चहापाणी करा, आणि एकेक डबा त्यांच्यासमोर उघडा. फोनवर रेकॉर्डिंग चालू असू द्या. त्यांना विचारायचं ते हे: इंजिन खाली का काढलं? आवाज येत होता, धूर होता, हेड पॅकिंग गेलं होतं, की नुसतं आतून रंगवायचं म्हणून काढलं? या एका उत्तरावर इंजिनचा सगळा खर्च अवलंबून आहे. दुसरं, खालचा पत्रा कापून काही नवीन जोडलं का, आणि कुठे? तिसरं, डॉक्टर आजारी पडले म्हणूनच काम थांबलं, की त्याआधीच कुठेतरी अडलं होतं? आजारपणामुळे थांबलेलं काम पुढे नेता येतं. पत्रा बघून हातपाय गळाले म्हणून थांबलं असेल तर तो पत्रा आज तुमच्या पदरात आहे, आणि तो आधी बघायला हवा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

ते असतानाच मोठी ताडपत्री अंथरून गाडीच्या आकारात सामान मांडा. पुढचं पुढे, डावं डावीकडे. आणि काहीही धुऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो आहे, कारण पहिला उत्साह नेमका डिझेलचं घमेलं घेऊन बसण्यात जातो. त्या मळात माहिती असते. एखाद्या ब्रॅकेटवर वायसरचा गोल ठसा असतो आणि तेवढ्या गोलात मूळ रंग चकचकीत राहिलेला असतो. त्या ठशाच्या मापावरून त्यावर कुठला बोल्ट होता ते सांगता येतं. एका बाजूला ग्रीस आणि दुसऱ्या बाजूला रस्त्याची माती दिसली की तो भाग कसा बसत होता ते समजतं. धुतलात की हे सगळं गटारात गेलं. आधी फोटो, मग चिठ्ठी, मग पिशवी, धुणं त्यानंतर.

या मांडणीतून तीन याद्या निघतील: आहे ते, आहे पण गेलेलं ते, आणि नाही ते. तिसरी यादी नीट करा. मर्सिडीजचं जुन्या गाड्यांचं केंद्र जर्मनीत स्टुटगार्टजवळ फेलबाखला आहे आणि कंपनी जुन्या मॉडेलांचे बरेच भाग आजही पुरवते. दारांची रबरं, काचांचं बीडिंग, ब्रेकची किटं असं सगळं एकाच वेळी मागवा, नाहीतर प्रत्येक पार्सलवर कस्टम ड्यूटी आणि वाहतूक वेगळी भरत बसाल. जुना माल मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात शोधणार असाल तर एक खूण लक्षात ठेवा. १९७३ च्या उत्तरार्धात या गाडीत बदल झाले. त्याआधीच्या गाड्यांना पुढच्या दारात उघडणारी छोटी तिकोनी काच आहे, नंतरच्यांना नाही. मागचे दिवेही बदलले. तुमची १९७२ ची आहे. दुकानदार ‘एकच येतं साहेब’ म्हणाला तरी आपला भाग शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता शेड. सौं.चं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि फक्त जागेपुरतं नाही. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून तुम्ही गंधकाची धुरी देता. तो वायू हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल होतो आणि उघडा पत्रा, क्रोम, तांब्याच्या वायरी यांना खातो. शिवाय प्रायमर म्हणजे रंग नव्हे. तो ओल शोषतो. प्रायमरवर काही पावसाळे काढलेली बॉडी वरून कितीही सारखी दिसली तरी आतून गंज धरलेला असणार असं मानूनच चालायचं. तेव्हा बेदाण्याचा हंगाम सुरू होण्याआधी बॉडी बाहेर काढा. खाली चाकाची ट्रॉली करून घ्या आणि चारी बाजूंनी वारं खेळेल असा पत्र्याचा आडोसा उभारा. ताडपत्री बॉडीला चिकटवून बांधू नका, आत घाम धरतो. डबे-पोती घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. एवढं झालं की सौं.ची शेड सौं.ना मिळेल आणि गाडीवरून घरात रोज वाद होणार नाही. हा खर्च मी गाडीच्याच कामात धरतो.

आणि मग पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार वाहते. दाराखालच्या लांब पेट्या, ज्यांना आपले डेंटर ‘सिल’ म्हणतात, त्या शोभेच्या पट्ट्या नाहीत, तो गाडीचा कणा आहे. जॅक लावायची भोकं तिथेच असतात. त्यांतून पाणी-चिखल आत जातो आणि आतून सडतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (म्हणजे पुट्टी) भरलेली आहे. सिल गेलेल्या निघाल्या तर त्या कापायच्या आधी तुमची ती वेगळी काढलेली दारं परत बिजागरीवर चढवा. दारांभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का ते बघा, आत आडवे-तिरपे अँगल मारून बॉडी बांधून घ्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दारं नसताना दोन्ही बाजू कापल्या तर बॉडी मधून बसते, आणि मग जगातला कुठलाही पेंटर ती दारं नीट बंद करून देऊ शकत नाही. हे काम सीओटू वेल्डिंगवाल्या, सावकाश काम करणाऱ्या माणसाचं आहे. त्याला रोजानं ठेवा, ठेका देऊ नका. ठेक्यात लांबी जास्त भरली जाते.

पेंटरला म्हणूनच थांबवायचं. आज रंग मारलात तर गंजावर रंग बसेल. इंजिन बसवताना, दारं लावताना, वायरिंग ओढताना त्यावर ओरखडे येतील, आणि दोन वर्षांनी तोच रंग पुन्हा काढावा लागेल. हुरूप येण्याचं त्याचं म्हणणं मला पटतं, हुरूप लागतोच. पण तो एखादी गोष्ट पूर्ण करून मिळवा. हीटरचा पंखा घ्या, वायपरची मोटर घ्या, एक दार घ्या. खोला, साफ करा, दुरुस्त करा, चालवून बघा, गुंडाळून कपाटात ठेवा. त्याचे पैसे चुकते झाले की पुढचं. दहा कामं एकदम काढली म्हणूनच बहुतेक गाड्या पोत्यात जातात.

इंजिनवर माझं मत ठाम आहे: मूळचं ठेवा. तुमच्या गॅरेजवाल्याचा सल्ला अगदीच परका नाही, हे मान्य करतो. ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्सचं ते जुनं इंजिन म्हणजे मर्सिडीजचंच ओएम ६१६. बजाज टेम्पोनं ते परवाना घेऊन पुण्यात बनवलं आणि त्यावर महाराष्ट्रभर वडाप, म्हणजे शेअर जीपची वाहतूक, चाललं. तुमचं ओएम ६१५ त्याच घराण्यातलं, २१९७ सीसीचं, ६० हॉर्सपॉवरचं. दोघांचा स्ट्रोकसुद्धा एकच आहे, ९२.४ मिलिमीटर. याचा फायदा असा की या इंजिनाची हाताळणी माहीत असलेले मिस्त्री तुमच्या पंचक्रोशीत सापडतील. काही भागही जुळतात, मात्र जुना भाग हातात घेऊन, मापून मगच घ्यायचा. बोअर, क्रँक, हेड घासणं यांसाठी कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्या दारात आहे. एवढं सगळं जवळ असताना डॉक्टरांचं इंजिन भंगारात का घालायचं? साठ हॉर्सपॉवरमध्ये ही सव्वा टनाच्या वरची गाडी पळणार नाही, चालेल. ती तशीच चालायची, आणि लहानपणी तुम्हाला तीच आवडली होती. एसी आणि पॉवर स्टिअरिंगचा विचार गाडी वर्षभर चालल्यावर करा.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नका. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, हेड उघडा. दोन गोष्टी आजच्या पोरांना ठाऊक नसतात, त्या मिस्त्रींकडून समजून घ्या. पहिली, या इंजिनाचे चारही हीटर, म्हणजे सुरू करताना सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग, एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक गेला की चारही गार राहतात. म्हणजे इंजिन थंडीत उठत नसेल तर पंप खोलायच्या आधी एकेक हीटर तपासा. कित्येकदा काम तेवढ्यावर भागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, व्हॅक्यूमवर चालतो. इनटेकपासून पंपापर्यंत एक बारीक नळी जाते आणि पंपाच्या मागच्या बाजूला चामड्याचा पडदा असतो. पडदा कडक झाला की आयडलिंग वरखाली होतं आणि काळा धूर येतो. आणि ती नळी फुटलेली किंवा सुटलेली असताना इंजिन चालू केलं तर पंप पूर्ण डिझेल सोडतो, इंजिन बेभान पळत सुटतं आणि किल्ली फिरवून थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी ती नळी नवी टाका, आणि एक माणूस इनटेकचं तोंड फळीनं बंद करायला तयार ठेवा. हात लावायचा नाही, फळीच.

ब्रेकवर बोलायला फार नाही. चारही चाकांना डिस्क आहेत. रबरी होज, मास्टर सिलिंडरचं किट, कॅलिपरची किटं, झाडून सगळं नवीन. टायर दिसायला कितीही चांगले असोत, बदलायचे.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. ते होईपर्यंत आडोसा आणि माहिती यांपलीकडे एक रुपया घालू नका. आरसी डॉक्टरांच्या नावावर आहे, म्हणजे मुलानं ‘दिली’ तरी कायद्यानं गाडी अजून तुमची नाही. आधी वारसांनी फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. मुलाखेरीज इतर वारस असतील तर त्यांची संमती लागेल. मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर आलेली नसू शकते. तसं असेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्रीसाठी अर्ज करावा लागेल. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी ताडून बघा. तो ११५११० नं आणि इंजिनचा नंबर ६१५ नं सुरू होत असेल तर हीच २२० डी आणि हेच मूळच्या जातीचं इंजिन.

पुढे दोन वाटा आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. ट्रॅव्हलरचं इंजिन टाकलंत की ही वाट जवळजवळ बंद होते. आणि ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर येऊ शकते. दुसरी वाट म्हणजे नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं. परदेशी बनावटीच्या गाडीला त्याचं शुल्क बरंच पडतं आणि पर्यावरण कर वेगळा, पण घरच्यांना घेऊन कुठेही जाता येतं. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्हाला गाडी रॅलीत मिरवायची नाही, घरात हवी आहे. मी दुसरी वाट धरली असती. त्या वाटेवरही इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नोंद लागतेच. गॅरेजवाल्यानं हे सांगितलं नसणार.

पैशाचं एवढंच सांगतो: बागेचे पैसे हातात आल्यावर सौं.सोबत बसून त्या वर्षाचा गाडीचा आकडा ठरवा आणि तो संपला की पुढच्या मालापर्यंत थांबा. छाटणीच्या दिवसांत गाडीकडे फिरकू नका. औषधाचं आणि मजुरांचं बिल थकवून आणलेला बंपर घरात कुणालाच गोड लागणार नाही. अशा गतीनं तीन-चार वर्षं धरा.

रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर एक छोटी पत्र्याची पाटी असते, त्यावर मूळ रंगाचा आकडा ठोकलेला असतो. प्रायमर मारताना ती बुजली असेल तर थिनरच्या फडक्यानं हलकेच पुसा, खरवडू नका. त्या पाटीचा, चेसिस नंबरचा आणि दोन्ही सिलांचा खालून घेतलेला फोटो मला पाठवा. मिस्त्री इंजिनबद्दल काय म्हणाले तेही कळवा. बोअर करायचं की नुसत्या रिंगा टाकायच्या, हे त्यानंतर बोलू.